नऊ केंद्रं, एक सूर: मुंबईच्या एफएमचा लेखाजोखा

मुंबईत एफएमचा काटा ९१.१ मेगाहर्ट्झवर आणला की रेडिओ सिटी लागतं. पुढे ९१.९ वर नशा, ९२.७ वर बिग, ९३.५ वर रेड आणि ९४.३ वर रेडिओ वन. दोन केंद्रांमधलं अंतर प्रत्येक वेळी नेमकं ०.८ मेगाहर्ट्झ. त्यानंतर ९८.३ वर मिर्ची, १०४ वर फीवर, १०४.८ वर इश्क आणि शेवटी १०६.४. गेल्या दशकात या शहरात खाजगी एफएम केंद्रांची संख्या नऊवर पोहोचली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, आणि तिला पुरायला एवढी केंद्रं. नऊ हा आकडाही लहान वाटू नये, जर त्यातून नऊ वेगवेगळे आवाज ऐकू येत असतील. तसं होत नाही. रेडिओ वननं इंग्रजी गाण्यांची वाट धरली. बाकी सगळीकडे कमीअधिक फरकानं हिंदी चित्रपटगीतांचंच राज्य. कुठे नवी गाणी, कुठे जुनी. मुख्य भाषा मराठी असलेलं एकही खाजगी केंद्र महाराष्ट्राच्या राजधानीत उभं राहिलेलं नाही. शास्त्रीय संगीताचं नाही, नाट्य आणि साहित्याचं नाही, गंभीर चर्चेचंही नाही.

याचं खापर बहुतेक वेळा निवेदकांवर फोडलं जातं, नाही तर श्रोत्यांच्या अभिरुचीवर. दोन्ही आरोप मला अन्यायाचे वाटतात. मुंबईच्या एफएमवर आज जे ऐकू येतं, त्याचा आराखडा स्टुडिओत ठरण्याआधीच सरकारी नियमांत आणि लिलावाच्या बोलीत ठरलेला असतो. लहरी मोजक्या, त्यांची किंमत प्रचंड आणि त्या मोजक्या लहरींवर बसलेल्यांची आपसात स्पर्धा. या तिन्हींच्या मिश्रणातून एकसुरीपणाशिवाय दुसरं काही निघणं अवघड असतं. श्राव्य कलेची समीक्षा करायची तर या अर्थकारणात शिरावंच लागतं, कारण कलेचा गळा तिथे आवळला गेला आहे.

लहरींची टंचाई

एफएमसाठी जगभर बहुतेक ठिकाणी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला आहे, म्हणजे एकूण २० मेगाहर्ट्झ. १०८ च्या वर विमान वाहतुकीच्या लहरी सुरू होतात, त्यामुळे तिकडे सरकायला जागा नाही. भारतात एकाच शहरातल्या दोन केंद्रांमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. शेजारचं केंद्र फार जवळ आलं, तर साध्या रेडिओला दोन्ही नीट वेगळी करता येत नाहीत, एकाची खरखर दुसऱ्यात शिरते. या हिशेबानं एका शहरात फार तर पंचवीस जागा होतात. त्यातल्या काही आकाशवाणीच्या: मुंबईत १००.७ वर एफएम गोल्ड आणि १०७.१ वर रेनबो. काही शैक्षणिक आणि सामुदायिक केंद्रांसाठी, तर काही शेजारच्या शहरांशी टक्कर होऊ नये म्हणून मोकळ्या. उरलेल्या तेवढ्या बाजारात येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१२ मध्ये हे अंतर निम्मं करून ४०० किलोहर्ट्झ करावं अशी शिफारस केली होती. मुंबईच्या डायलवर अजून ०.८ चीच पावलं आहेत.

एफएमची लहर साधारणपणे नजरेच्या टप्प्यात चालते. डोंगर आडवा आला की ती थकते. म्हणून मुंबई आणि पुणे या दोन शहरांना त्याच फ्रिक्वेन्सी देता आल्या: ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ हे आकडे दोन्हीकडे आहेत आणि त्यांवरची नावंही तीच. द्रुतगती मार्गावरून गाडी खंडाळ्याचा घाट चढते, तसं मुंबईचं केंद्र विरत जातं आणि त्याच आकड्यावर पुण्याचं पुढे येतं. दोन सारख्या फ्रिक्वेन्सींपैकी जी लहर बलवान असेल ती एफएमचा रेडिओ धरतो आणि दुसरीला दाबून टाकतो, त्यामुळे हा बदल झटक्यात होतो. तंत्राच्या दृष्टीनं सह्याद्रीनं आपल्याला इथे मोठी मदत केली आहे. एकाच लहरीवर दोन शहरांना दोन स्वतंत्र केंद्रं मिळाली. दोन शहरांच्या बोली, खाणंपिणं, नाटकाचा प्रेक्षक, गणेशोत्सव, सगळं वेगळं. मात्र घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे लागणाऱ्या गाण्यांच्या यादीत तो वेगळेपणा फारसा उमटत नाही. निसर्गानं जी जागा दिली, ती आपण एकाच मालानं भरली.

स्पर्धेनं एकदा भलं केलं होतं

स्पर्धा आणि रेडिओ यांचं नातं मुंबईत जुनं आहे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा होता. शहर आणि आसपासचा थोडा मुलूख, एवढाच त्याचा पल्ला. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारच्या हाती गेलं. पुढची सहा दशकं या देशात रेडिओ म्हणजे सरकार, हे समीकरण कायम राहिलं.

त्या मक्तेदारीला पहिला खरा धक्का देशाबाहेरून आला. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि लघुलहरींवरून रेडिओ सिलोन धरलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घराघरात पोहोचली. हातची माणसं निघून जाताना पाहून आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. एका परक्या लहरीनं आपल्या सरकारी रेडिओला श्रोत्याकडे बघायला लावलं. स्पर्धेचा हा खरा लाभ होता. जे एकाकडे मिळत नव्हतं, ते दुसऱ्यानं दिलं.

हवेतल्या लहरींची मालकी कुणाची, या प्रश्नाचं उत्तर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी मिळालं. बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निवाडा दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. लहरींवर सरकारची मक्तेदारी असू नये आणि त्या बाजाराच्या स्वाधीनही करू नयेत, लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेनं त्यांचं नियमन करावं, असा त्या निकालाचा आशय. त्याचा पहिला अर्धा भाग आपण अमलात आणला. दुसरा अर्धा लिलावाच्या गोंगाटात विसरलो.

बोलीची किंमत आणि तासाचा हिशेब

खाजगी एफएमचा पहिला टप्पा २००० च्या लिलावानं सुरू झाला. देशभरातल्या ४० शहरांत १०८ केंद्रं ठरली होती, प्रत्यक्षात १२ शहरांत २१ चालू झाली. वार्षिक शुल्क बोलीनं ठरलं होतं आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होतं. एवढ्या वेगानं जाहिरातीचं उत्पन्न वाढणं शक्यच नव्हतं. मुंबईत सुरू झालेलं विन ९४.६ त्या ओझ्याखाली बंद पडलं. अमित मित्रा समितीच्या शिफारशींनंतर २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारनं पद्धत बदलली: प्रवेशशुल्क एकदाच आणि त्यानंतर उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा. केंद्रं तगली, वाढली. मात्र एका शहरात एका कंपनीला एकच केंद्र, असा नियम होता. त्याचे परिणाम पुढे पाहू.

तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ चं, लिलाव २०१५ मध्ये झाला. दुसऱ्या टप्प्यातली त्या त्या शहराची सर्वांत मोठी बोली हीच आता किमान किंमत झाली. मुंबईत दोन फ्रिक्वेन्सी होत्या. प्रत्येकीची किंमत १२२ कोटी ८१ लाख रुपयांवर गेली. दिल्लीतली एकुलती एक १६९ कोटी १६ लाखांना गेली. परवाना पंधरा वर्षांचा.

१२२ कोटी ८१ लाखांना पंधरा वर्षांनी भागलं, तर व्याज न धरताही वर्षाला सव्वाआठ कोटींच्या आसपास येतात. दिवसाला साधारण २ लाख २४ हजार. तासाला नऊ हजार तीनशेच्या वर. पहाटे तीन वाजताच्या तासालाही तेवढेच. त्यात अजून वीज, मनोऱ्याचं भाडं, पगार, संगीताचं स्वामित्वधन काहीच नाही. शिवाय वार्षिक शुल्काचा नियम असा की उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेशशुल्काच्या अडीच टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल ती भरायची. या बोलीवर अडीच टक्के म्हणजे तीन कोटींहून थोडे अधिक. केंद्र तोट्यात असलं तरी ते द्यायचेच.

आता एखाद्या कार्यक्रम-प्रमुखाच्या जागी बसून विचार करा. रात्री दहा ते अकरा नाट्यवाचन ठेवायचं, तर लेखक हवा, नट हवेत, तालीम हवी, ध्वनिमुद्रण हवं. गाण्यांचा खर्च त्या मानानं किरकोळ. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं संगीत कंपन्यांचं स्वामित्वधन केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं आणि ते दशकभर चाललं. लोकप्रिय गाणं वाजवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक मार्ग झाला. एवढी महाग लहर हाती असताना कुणी प्रयोग करत नसेल, तर त्याला भेकड म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावरचं ओझं मोजायला हवं.

त्या ओझ्याचे परिणाम दिसतही आहेत. बिग एफएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि २०२४ मध्ये नव्या मालकाकडे आलं. २०१९ मध्ये एचटी मीडियानं रेडिओ वनच्या कंपनीवर ताबा मिळवला. २०२५ च्या सुरुवातीला इश्क चालवणाऱ्या टीव्ही टुडे समूहानं आपला एफएम व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तिसऱ्या टप्प्याच्या दुसऱ्या फेरीत, २०१६ मध्ये, २६६ वाहिन्या लिलावाला ठेवल्या होत्या. त्यांतल्या फक्त ६६ विकल्या गेल्या.

नऊजण एकच का वाजवतात

किमतीच्या पलीकडे आणखी एक कारण आहे आणि ते जास्त खोल आहे. १९५२ मध्ये पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं रेडिओतल्या स्पर्धेवर एक निबंध लिहिला. केंद्रं थोडी असतील आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असेल, तर स्पर्धेतून विविधता येत नाही, नक्कल येते, हे त्यानं दाखवून दिलं. त्याचा युक्तिवाद आपल्या काल्पनिक आकड्यांनी समजून घेऊ.

समजा, शंभर श्रोते आहेत. ७८ जणांना नवी हिंदी गाणी हवीत, १४ जणांना मराठी गाणी आणि गप्पा, ८ जणांना शास्त्रीय संगीत. पहिलं केंद्र अर्थातच हिंदी गाणी लावेल. दुसरं आलं तर? हिंदी लावलं तर निम्मे म्हणजे ३९ श्रोते, मराठी लावलं तर १४. तेही हिंदीच लावेल. तिसऱ्याला २६ मिळतील, चौथ्याला १९ ते २०, पाचव्याला १५ च्या वर. पाचही जण हिंदीच लावतील आणि त्यात कुणाचंही चुकत नसेल. सहाव्याला मात्र हिंदीत १३ मिळणार आणि मराठीत १४. तेव्हा कुठे पहिलं मराठी केंद्र उगवेल. शास्त्रीय संगीताचा क्रम तर याच हिशेबानं अकरावा लागतो. आता हीच केंद्रं एकाच मालकाची असती, तर त्यानं पहिलं हिंदीला दिलं असतं, दुसरं मराठीला आणि तिसरं शास्त्रीयला, कारण स्वतःच्याच श्रोत्यांची पुन्हा वाटणी करून त्याला काही मिळणार नव्हतं.

खरं आयुष्य या गणिताहून गुंतागुंतीचं आहे. जाहिरातदार सगळ्या श्रोत्यांना सारखी किंमत देत नाहीत आणि श्रोता दिवसभर एकाच आवडीला चिकटून राहत नाही. तरीही मुंबईच्या डायलवर हे गणित स्वच्छ दिसतं. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एकच केंद्र असा नियम होता, तेव्हा प्रत्येकजण त्याच मोठ्या गर्दीच्या मागे धावला. तिसऱ्या टप्प्यात नियम सैल झाला. शहरातल्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्रं एका समूहाकडे असू शकतात, मात्र किमान तीन वेगळे मालक हवेत, असं ठरलं. लगेच काय झालं? फीवरच्या मालकांनी दुसरं केंद्र घेतलं आणि त्यावर जुनी गाणी लावली, ते नशा. रेडनंही १०६.४ वर जुन्याच गाण्यांना जागा दिली. स्वतःच्या पहिल्या केंद्राचा श्रोता ओढून घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसरं वेगळं झालं. मुंबईच्या एफएमवर जी थोडीफार विविधता आली, तिचं श्रेय मुख्यतः या सैल नियमाला जातं. पण ती नव्या चित्रपटगीतांकडून जुन्या चित्रपटगीतांपर्यंतच सरकली. भाषा तीच राहिली, प्रकारही तोच.

श्रोत्यांची मोजणीही याच दिशेनं ढकलत आली. २००७ पासून मोठ्या शहरांत ‘रॅम’ नावाची पाहणी सुरू झाली. निवडक घरांतले लोक कोणतं केंद्र किती वेळ ऐकलं हे डायरीत लिहायचे. डायरी भरताना माणसाला मोठं, परिचित नाव आधी आठवतं. लहान वर्गासाठी मनापासून केलेल्या कार्यक्रमाचं वजन अशा नोंदीत उतरत नाही.

आज हवेत काय आहे

या सगळ्या बंधनांत राहून मुंबईच्या निवेदकांनी एक गोष्ट कमावली आहे: शहराशी बोलायची सवय. ट्रॅफिक, पाऊस, लोकलचा खोळंबा, परीक्षांचा ताण, यांवर मिनिटभरात बोलून श्रोत्याला हसवणं किंवा धीर देणं, हे कसब खरं आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, फोन बंद पडले, तेव्हा बॅटरीवरच्या रेडिओचं मोल मुंबईला कळलं. २०१७ च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या मलिष्कानं एका लोकप्रिय मराठी गाण्याच्या चालीवर खड्ड्यांवरचं विडंबन केलं आणि महापालिकेत खळबळ उडाली. शहराच्या कारभारावर निर्भीडपणे, शहराच्या भाषेत बोलणारा रेडिओ लोकांना हवा आहे, याचा तो पुरावा होता. लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे त्या विडंबनासाठी चाल निवडताना हिंदी केंद्रालाही मराठीकडे यावं लागलं.

पण मिनिटभराचं कसब म्हणजे संपूर्ण कला नव्हे. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बसणारं बोलणं हे श्राव्य माध्यमाचं सर्वांत लहान रूप. श्रुतिका, रूपक, दीर्घ मुलाखत, अभिवाचन, लोककलेचं ध्वनिचित्रण या रूपांना खाजगी एफएमवर जागाच मिळालेली नाही. मराठीत या रूपांची परंपरा किती समृद्ध होती, ते सांगायला आकाशवाणीकडे वळावं लागतं. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’मधल्या टेकाडे भावजी आणि मीना वहिनींना लोक शेजाऱ्यांसारखे ओळखत. बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे आवाज हीच त्यांची ओळख होती. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं १९५५ मध्ये गीतरामायण सुरू झालं आणि ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांनी वर्षभरात ५६ गीतं श्रोत्यांना दिली. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकांनी आकाशवाणीत नोकरी केली. एका आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर, अशी कल्पना आजच्या कुठल्याही खाजगी केंद्राच्या हिशेबात बसणार नाही.

म्हणून मक्तेदारीचा काळ परत आणावा, असं मी म्हणणार नाही. त्याच मक्तेदारीनं चित्रपटगीतांना दार बंद केलं होतं आणि बातमीवर सरकारी छाप ठेवली होती. पण स्टायनरचं गणित तिथेही लागू पडतं. ज्याला श्रोत्यांची आपसात वाटणी करायची नव्हती, त्याला लहान वर्गासाठी वेळ काढणं परवडलं. तो वारसा आज मुंबईत कुठे आहे? अस्मिता वाहिनी मध्यमलहरींवर ५५८ किलोहर्ट्झवर आहे. काँक्रीटच्या इमारतीत, लिफ्ट, चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटात मध्यमलहर नीट लागत नाही आणि आजच्या मोबाइलमध्ये ती लागतच नाही. मराठी श्राव्यकलेचं मुख्य घर अशा लहरीवर आहे, जी शहर ऐकूच शकत नाही. माझ्या मते मुंबईच्या रेडिओची ही सर्वांत मोठी हानी आहे.

बातमीचं दारही बंदच. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची तेवढी मुभा. वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, संकेतस्थळं सगळ्यांना जे खुलं, ते रेडिओला नाही. ट्रायनं सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. महापालिकेच्या सभेचं वार्तांकन, धारावीतल्या किंवा गिरणगावातल्या माणसांची मुलाखत, हे रेडिओला सहज आणि स्वस्तात जमणारं काम आहे. ते वर्ज्य ठेवल्यामुळे स्पर्धा करायला फक्त गाणी आणि विनोद उरतात.

न्यूयॉर्कचा धडा

तंत्राची सबब कितपत खरी, हे पाहायला न्यूयॉर्ककडे बघावं. तिथेही पट्टा ८८ ते १०८ आणि शहरातल्या मुख्य केंद्रांमधलं अंतरही ०.८. पण त्या पायऱ्या जवळपास सलग भरलेल्या आहेत आणि त्यांवर काय आहे ते ऐका. ९३.९ वर ना-नफा तत्त्वावर चालणारं सार्वजनिक केंद्र डब्ल्यूएनवायसी, बातम्या आणि दीर्घ मुलाखतींचं. ९७.१ वर हिपहॉप. ९७.९ वर स्पॅनिश. ९९.५ वर श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं डब्ल्यूबीएआय. १०४.३ वर जुनं रॉक. १०५.९ वर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं डब्ल्यूक्यूएक्सआर. ९२ च्या खालचा पट्टा अमेरिकेत बिगर-व्यापारी आणि शैक्षणिक केंद्रांसाठी राखीव आहे. तिथे न्यूअर्कचं जॅझचं डब्ल्यूबीजीओ आहे, कोलंबिया आणि फोर्डहॅम विद्यापीठांची केंद्रं आहेत. अंतराचा निकष तोच, निकाल वेगळा. फरक पडला तो पट्ट्याचा एक भाग बाजारापासून वेगळा ठेवल्यामुळे आणि उरलेल्या भागात केंद्रांची संख्या पुरेशी मोठी असल्यामुळे.

चांगल्या लहरीची किंमत काय असते, तेही तिथे कळलं. डब्ल्यूक्यूएक्सआर पूर्वी न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचं होतं आणि ९६.३ वर होतं. २००९ मध्ये स्पॅनिश प्रसारक युनिव्हिजननं आपल्या १०५.९ च्या बदल्यात ती बलवान लहर घेतली आणि वर ३ कोटी ३५ लाख डॉलर मोजले. शास्त्रीय संगीताचं केंद्र सार्वजनिक संस्थेनं १ कोटी १५ लाखांना विकत घेतलं आणि ते १०५.९ वर गेलं. तिथली शक्ती जुन्या लहरीच्या साधारण दशांश. दूरच्या उपनगरांतले श्रोते तुटले, पण केंद्र जगलं. ते टिकलं, कारण नफा हाच ज्याचा हेतू नव्हता असा मालक पुढे आला आणि कायद्यात त्याला जागा होती.

अमेरिकेचं सगळंच अनुकरणीय नाही. १९९६ च्या कायद्यानं मालकीच्या मर्यादा सैल केल्यावर एकाच कंपनीनं देशभरात बाराशेच्या आसपास केंद्रं गोळा केली आणि अनेक गावांतला स्थानिक आवाज हरवला. मोठ्या शहरांतही एका मालकाला आठ केंद्रांपर्यंत मुभा आहे. म्हणून फक्त बाजार सैल करून भागत नाही. राखीव पट्टा आणि खुला बाजार, दोन्ही शेजारी शेजारी असावे लागतात.

आपल्याकडे राखीव म्हणावं असं फक्त सामुदायिक रेडिओचं धोरण आहे. २००६ पासून ते स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. साताऱ्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग ९०.४ वर त्या भागातल्या स्त्रियांच्या, शेतकऱ्यांच्या भाषेत बोलतं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, मुंबई विद्यापीठाचं केंद्र १०७.८ वर. पण सामुदायिक केंद्राची प्रक्षेपणशक्ती १०० वॉटवर बांधलेली आहे, तर महानगरातल्या व्यापारी केंद्राला ५० किलोवॉटपर्यंत मुभा. पाचशेपट तफावत. म्हसवडमध्ये १०० वॉट पुरतात. मुंबईत उंच इमारतींच्या गर्दीत तेवढी लहर दोनचार उपनगरांपलीकडे टिकत नाही.

काय करता येईल

उपाय आहेत आणि त्यांतले बरेच कागदावर तयारही आहेत. वार्षिक शुल्काचं प्रवेशशुल्काशी असलेलं नातं तोडावं, असं ट्रायनं २०२३ मध्ये सुचवलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी देताना त्यांच्यासाठी उत्पन्नाच्या ४ टक्के एवढंच शुल्क ठेवलं. महानगरांनाही तोच न्याय हवा. बातम्यांची शिफारस स्वीकारली जावी.

डिजिटल प्रसारणाची चर्चाही याच टप्प्यावर आली आहे. ट्रायच्या २०२५ च्या शिफारशींनुसार एका फ्रिक्वेन्सीवर सध्याच्या केंद्रासोबत तीन डिजिटल वाहिन्या बसू शकतील. मुंबईत हे झालं, तर जागांची टंचाई बऱ्याच अंशी संपेल. पण त्या तीन वाहिन्याही बोलीच्या ओझ्याखाली गेल्या आणि अटी काहीच नसल्या, तर पुन्हा तेच गणित लागू होईल. म्हणून अटी आत्ताच ठरायला हव्यात. प्रत्येक महानगरात काही वाहिन्या राज्यभाषेसाठी, काही बोलक्या कार्यक्रमांसाठी आणि अभिजात संगीतासाठी राखाव्यात. त्या सर्वांत मोठ्या बोलीला न देता सर्वांत चांगल्या आराखड्याला, नाममात्र शुल्कावर द्याव्यात. अस्मिता वाहिनीला मुंबईत स्वतंत्र एफएम फ्रिक्वेन्सी द्यावी. महानगरातल्या सामुदायिक केंद्रांची शक्ती वाढवावी. हे सगळं १९९५ च्या निकालाच्या चौकटीतच आहे: लहरी लोकांच्या असतील, तर त्यांचा काही भाग लोकांच्या गरजेनुसार वाटला जायला हवा.

पॉडकास्ट आणि ॲपच्या काळात याची गरज काय, असं विचारलं जातं. डेटा लागत नाही, कुणी नोंद ठेवत नाही, वीज गेली तरी चालतं आणि रिक्षावाल्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांना सारखंच मिळतं, असं दुसरं माध्यम नाही. पॉडकास्ट शोधावा लागतो, रेडिओ भेटतो. मराठी न शोधणाऱ्या माणसाच्या कानावर चांगलं मराठी पडण्याची शक्यता एफएमवरच आहे.

तिसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक परवान्यांची मुदत २०३० मध्ये संपते. पुढच्या पंधरा वर्षांचे नियम त्याआधी लिहिले जातील. ट्राय प्रत्येक बदलापूर्वी सल्लापत्र प्रसिद्ध करतं आणि त्यावर कुणीही लेखी मत पाठवू शकतं. आजवर त्यांवर मतं येत आली ती प्रामुख्यानं प्रसारण कंपन्या आणि त्यांच्या संघटनांची. मराठी साहित्य संस्थांनी, नाट्य परिषदेनं, संगीत मंडळांनी, विद्यापीठांनी आणि राज्याच्या मराठी भाषा विभागानं या वेळी आपलं म्हणणं मांडावं. वाचकांनीही मांडावं. मुंबईच्या हवेत मराठीसाठी एक फ्रिक्वेन्सी मागणं ही मेहेरबानीची याचना नाही. लहरी आपल्या आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे.